स्पेस दाबली की व्हिम अडतो?

व्हिम या टेक्स्ट एडिटरमध्ये सी प्लस प्लस लिहायचं म्हणजे दिवसभर हेडर आणि सोर्स या जोडीच्या फाइलींमध्ये येरझाऱ्या. ‘ए डॉट व्हिम’ (a.vim) प्लगइन असलं की कोलन, कॅपिटल ए, एंटर; जोडीची फाइल समोर, झालं. ए ऐवजी एव्ही दिलं तर ती शेजारी उभ्या स्प्लिटमध्ये, म्हणजे दुभागलेल्या खिडकीत.

फाइल सापडली नाही तर मात्र ते मुकाट्याने रिकामं बफर (कोरं पान) उघडतं. सवयीने सेव्ह केलंत की भलत्याच फोल्डरात नवी हेडर! वेगळे फोल्डर असतील तर ते सर्चपाथमध्ये (प्लगइन शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) आधीच घाला.

खरी डोकेदुखी लीडर की (शॉर्टकटची सुरुवात करणारी की) म्हणून स्पेस ठेवली असेल तेव्हा. इन्सर्ट मोडमध्ये, म्हणजे मजकूर टाइप करताना, स्पेस दाबली की पुढची की येईपर्यंत किंवा १००० मिलिसेकंद कर्सर ढिम्म. कीबोर्डला शिव्या नकोत. प्लगइनने लीडर-आय-एचसारखी तीन मॅपिंग्ज (शॉर्टकट) इन्सर्ट मोडमध्येही घुसवलीत, म्हणून व्हिम पुढच्या कीची वाट बघतो. ‘आफ्टर’मधल्या प्लगइन फोल्डरात (after/plugin) फाइल ठेवून तिच्यात ती आय-अनमॅप (iunmap), म्हणजे रद्द, करा. व्हिमआरसीत (व्हिमच्या सेटिंग्जच्या फाइलीत) केलंत तर उपयोग नाही, प्लगइन त्यानंतर लोड होतं.