मुलीचा मूड आणि घड्याळ

मुलगी सकाळी गुणगुणत असते, दुपारी भरल्या ताटावरून उठते आणि रात्री ‘मला जगायचंच नाही’ म्हणते. मग घरात कुजबुज सुरू होते, बायपोलर (उन्माद आणि नैराश्याचे झटके येणारा आजार) तर नसेल? खरं तर दिवसातून चारदा पालटणारा मूड हे बायपोलरचं नेहमीचं चित्र नाही. त्यात उन्माद, म्हणजे अतिउत्साहाचा काळ, साधारण 7 दिवस तरी टिकतो, सौम्य उन्माद 4 दिवस आणि नैराश्य 2 आठवडे. बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्व विकारात, म्हणजे भावना आणि नाती सतत हेलकावे खातात त्या आजारात, मूड तासाभरातही फिरतो, आणि बहुतेकदा नात्यातलंच काहीतरी निमित्त असतं. मैत्रिणीने मेसेज पाहिला आणि उत्तर दिलं नाही, एवढंही पुरतं. दोन्ही आजार एकत्रही असू शकतात, त्यामुळे घरच्या घरी शिक्का मारू नये. 18 वर्षांच्या आत बॉर्डरलाइनचं निदान करताना लक्षणं किमान वर्षभर टिकलेली असावी लागतात.

पालकांच्या हातात आहे ती नोंद. रोज रात्री ठरल्या वेळी एकच ओळ: झोपेचे तास, मूड (उणे 5 ते अधिक 5), पाळीचा कितवा दिवस, गोळी घेतली का, भडका किती वाजता उडाला, कधी शमला, त्याच्या आधी काय घडलं. यात सगळ्यात बोलका रकाना झोपेचा. रात्रभर तळमळून सकाळी गळून गेलेली मुलगी वेगळी आणि तीन तास झोपून ताजीतवानी, नवनवे बेत आखणारी मुलगी वेगळी. दुसरा प्रकार सलग तीन-चार दिवस दिसला तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांना फोन करावा. त्रास पाळीच्या आधीच्या आठवड्यातच होतो का, हे कळायला दोन महिन्यांची नोंद लागते. वही तिच्या देखत, जमलं तर तिनेच भरावी. चोरून लिहिलेली वही तिच्या हाती लागली, तर विश्वास गेलाच म्हणून समजा.

डॉक्टरांकडे ही वही न्यावी आणि थायरॉइडची तपासणी करायची का, ते विचारावं. नात्यात कुणाला असा आजार असेल किंवा तिला पूर्वी उन्मादासारखे दिवस येऊन गेले असतील, तर ते आवर्जून सांगावं. बायपोलर असताना नुसत्या नैराश्याच्या गोळ्या सुरू झाल्या, तर उन्माद उसळू शकतो.

भडका उडालेला असताना खरंखोटं करत बसू नका. तेव्हा तिला ऐकू येतो तो फक्त सूर. ‘तुला डावलल्यासारखं वाटलं, राग येणारच’ एवढं म्हणावं. भावना मान्य करायची, फेकलेला फोन नाही. तुम्हालाच असह्य झालं तर खोलीबाहेर जा, पण ‘वीस मिनिटांनी येते’ असं सांगून, आणि बरोबर विसाव्या मिनिटाला परत या. न बोलता निघून गेलात तर तिच्या लेखी तुम्ही तिला टाकलंत.

हातावर कापल्याच्या खुणा दिसल्या तर आरडाओरडा नको, व्याख्यान तर नकोच. जखम धुवा, पट्टी बांधा आणि सरळ विचारा: ‘मरून जावं असं मनात येतं का?’ विचारल्याने ती कल्पना डोक्यात शिरत नाही. कसं आणि कधी हेही तिने ठरवलेलं असेल, तर तिला क्षणभरही एकटं सोडू नका, तडक रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात न्या. घरातली सगळी औषधं, आजी-आजोबांचीसुद्धा, कुलपात ठेवा.

बॉर्डरलाइनमध्ये मुख्य उपचार गोळ्यांचा नसून थेरपीचा. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ मार्शा लिनेहन यांनी विकसित केलेली डायलेक्टिकल बिहेव्हिअर थेरपी (भावना सांभाळायची कौशल्यं शिकवणारी) त्यासाठीच ओळखली जाते. किशोरवयीन मुलींसाठीच्या या थेरपीच्या वर्गांत पालकांनाही बसवतात. जरूर बसा, आईवडील दोघंही.

बायपोलरमध्ये मात्र गोळ्या टळत नाहीत, आणि बरं वाटतंय म्हणून त्या मनाने बंद करणं सगळ्यात महागात पडतं. लिथियम हे मूड स्थिर ठेवणारं औषध चालू असेल तर तपासणीसाठी रक्त शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी द्यायचं. जुलाब-उलट्या झाल्या किंवा अंगदुखीसाठी आयबुप्रोफेन घेतलं, तर लिथियमचं रक्तातलं प्रमाण धोक्याच्या पातळीवर जाऊ शकतं. लॅमोट्रिजिन या अशाच दुसऱ्या औषधाचा डोस हळूहळूच वाढवतात. ते सुरू असताना अंगावर पुरळ उठलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.