चिखलातूनच जा!

सिएटलला आल्यापासून मी बूट फार जपत असे. वाटेत चिखल दिसला की कडेच्या गवतावरून वळसा. त्यात कुणाचं काही बिघडतं असं वाटलंच नाही. मागच्या शनिवारी अल्पाइन लेक्स वाइल्डरनेस या राखीव जंगलात पायवाट दुरुस्त करून त्याच वळशांची भरपाई करून आले. हात अजून दुखताहेत.

हे जंगल शहराला इतकं जवळ की चांगलं ऊन पडलं की गाडी लावायला जागा मिळत नाही. एकामागोमाग एक चालता येईल एवढी ती मूळची पायवाट. आमच्यासारख्यांनी चिखल चुकवत तिची बैलगाडी जाईल एवढी केली होती. मधोमध डबकं, दोन्ही अंगांना उघडी पडलेली मुळं.

१९६४च्या वाइल्डरनेस कायद्यामुळे इथे इंजिनवर चालणारी अवजारं वापरता येत नाहीत. चाकंही नकोत, म्हणजे ढकलगाडीसुद्धा गेली. माती बादलीने वाहायची, दगड पहारेने सरकवायचे आणि आडवं पडलेलं झाड दोघांनी धरायच्या लांब करवतीने कापायचं.

"ढकलू नकोस, नुसती ओढ," आमच्या म्होरक्या आजी म्हणाल्या. ढकललं की पातं वाकतं आणि अडकतं. पहिला अर्धा तास मी ढकलतच होते. मग कुठे ताल जमला आणि भुशाऐवजी शेवयांसारखे लांब धागे बाहेर पडायला लागले. आजी पहिल्यांदा हसल्या.

खरं काम मात्र पाण्याचं. माझ्या हातात पुलास्की होती. तिला एका अंगाला कुऱ्हाड, दुसऱ्या अंगाला माती ओढायचं आडवं पातं. १९१०च्या वणव्यात आपल्या बहुतेक माणसांना खाणीच्या बोगद्यात नेऊन वाचवणाऱ्या वनरक्षक एड पुलास्कींचं हे नाव. या अवजाराने मी डबक्यापासून उताराकडे तिरका चर काढला. आधी पाणी नुसतं थरथरलं, मग भळाभळा वाहून गेलं. इतक्या लोकांनी चुकवलेलं डबकं, आणि पाहता पाहता रिकामं! कडेच्या चोरवाटांवर आम्ही दगड रोवले, वाळक्या फांद्या पसरल्या.

तेवढ्यात पांढऱ्या बुटांचा एक मुलगा आला. तळाशी राहिलेल्या चिखलाकडे, मग माझ्याकडे बघून थबकला. "मधूनच जा," मी म्हटलं. तो गोड हसला, "थँक यू" म्हणाला आणि फांद्या ओलांडून गवतातून निघून गेला.

आजींनी काही न बोलता त्या जागी एक ओंडका लोटला.