कॅलोटाइपची वही: सातवा कागद, आठवा कागद

कॅलोटाइप म्हणजे रसायनं लावलेल्या कागदावर निगेटिव्ह घ्यायची फोटोग्राफीची जुनी पद्धत. त्यातला सातवा कागद अखेर जमला. आधीचे सहा वाया गेले होते. चार सरसकट काळे पडले, दोनांवर उजेड टिपणारं सिल्व्हर आयोडाइड नीट बसलंच नाही. या वेळी गॅलिक ॲसिड ताजं कालवलं आणि सिल्व्हर नायट्रेट फिरवल्यावर कागद टिपकागदाने लगेच टिपला. फरक त्यानेच पडला असावा.

विषय गावाबाहेरचं हेमाडपंती देऊळ. सकाळचं स्वच्छ ऊन, तरी एक्स्पोजर नऊ मिनिटं. आपला काळा दगड उजेड नुसता पितो, आणि सिल्व्हर आयोडाइडला निळ्या-जांभळ्या प्रकाशापलीकडे फारसं काही दिसत नाही. दगडावरचं कोरीवकाम उमटेपर्यंत निगेटिव्हवर आभाळाचं डांबर झालेलं, म्हणजे प्रिंटवर आभाळ कोरं पांढरं. एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या वास्तूंचे फोटो काढणारा लिनियस ट्राइप निगेटिव्हवर ब्रशने ढग का रंगवायचा, ते आता कळलं.

त्या नऊ मिनिटांत एक बाई अंगण झाडून गेली, दोन पोरं पायऱ्यांवर उड्या मारत होती. प्रिंटमध्ये कोणीच नाही! देऊळ शंभर वर्षं ओस पडल्यासारखं.

मग विजापूरचे जुने फोटो पुन्हा काढून बसलो. साताऱ्याचं राज्य १८४८ मध्ये खालसा झालं, त्याबरोबर विजापूर कंपनीकडे गेलं. पुढच्या सातच वर्षांत मुंबई तोफखान्याचा कॅप्टन टॉमस बिग्ज पश्चिम हिंदुस्थानातल्या वास्तू टिपायला सरकारी कॅमेरा घेऊन निघाला. चित्रकार महाग पडत होते म्हणे. त्या कागदी निगेटिव्हांमधल्या कितीतरी जागा अशाच रिकाम्या आहेत. त्यातला किती रिकामेपणा खरा आणि किती रसायनाचा, हे मी आता छातीठोक सांगणार नाही. पण वास्तू मोडकी, वाली कुणी नाही, सांभाळणार आम्ही, असं चित्र कंपनीच्या पथ्यावरच पडलं.

आठव्या कागदाला माप म्हणून गुरवकाकांना खांबाला डोकं टेकवून उभं केलं. जुने साहेबही गावातलं माणूस असंच उभं करायचे. काका मधेच बोलले, चेहरा पुसला गेला. वहीत मी लिहिलं होतं, ‘खांब, उंचीसाठी माणूस.’ काकांनी प्रिंट उन्हात धरून पाहिलं.

“खांब झकास आलाय. मी कुठला यात?”

नवव्या कागदाला काकांना पाटावर बसवणार. एक्स्पोजर पाच मिनिटांवर आणायचंय.