मागायला नाही, फेडायला

"आजी काही मागायला आली नाहीये, फेडायला आलीये," नात म्हणाली.

चीनमधल्या ताईशान डोंगराचा माथा, बीश्या देवीचं देऊळ. वारा एवढा की छपरांवर मातीची नाही, धातूची कौलं. सहा हजारांवर पायऱ्या चढून आलेल्या आजींनी तीन उदबत्त्या दोन्ही हातांनी कपाळाशी नेल्या, तीनदा वाकल्या. बस्स.

मूल व्हावं म्हणून बायका शतकानुशतकं या देवीकडे येतात. आजींनी नवसाने मागितलेली नात शेजारीच उभी होती, त्यांची पिशवी सांभाळत.

याला तिथे 'ह्वान-युआन' म्हणतात. फोनने भाषांतर दिलं, 'इच्छा परत करणे'. मला भाषांतर लागलंच नाही. आई तुळजापूरला जाते ते याचसाठी.

उतरताना तिला फोन लावला. माझ्या नावाचा एखादा नवस फेडायचा राहिलाय का गं?