काल्पनिक सवाई, वर्ष तिसरं : पाचव्या फेरीत अडलेली गाडी

पाचव्या फेरीत वकीलकाकांनी गायक भास्करबुवा बखले उचलले आणि ड्राफ्ट, म्हणजे पाळीपाळीने कलावंत निवडणं, तिथेच थांबला. तीन आठवडे झाले, थांबलेलाच आहे. वाईट म्हणजे क्रम नागमोडी, म्हणजे दर फेरीत उलटा, असल्यामुळे पाचव्यातली शेवटची आणि सहाव्यातली पहिली अशा दोन्ही पाळ्या काकांच्याच. ते हलेपर्यंत कुणीच हलणार नाही. तेव्हा या वेळची नोंद निवडींची कमी आणि नियमांची जास्त.

नव्यांसाठी खेळ थोडक्यात. सहा खेळाडू. प्रत्येकाने पुण्यातल्या सवाई गंधर्व संगीत महोत्सवाचा आपापला एक दिवस रचायचा : मुख्य कलावंत पाच, साथीदार चार. काळाची अट नाही, पण एकाने उचललेला कलावंत दुसऱ्याला बंद. सगळं ठरलं की खेळात नसलेले तीन श्रोते प्रत्येक मुख्य कलावंताचं पंधरा-पंधरा मिनिटं ध्वनिमुद्रण ऐकतात आणि आपल्याजवळची दहा-दहा काल्पनिक तिकिटं वाटतात. ज्याचा मांडव जास्त भरला तो जिंकला. हरलेल्या पाच जणांनी डिसेंबरात खऱ्या मांडवाबाहेर त्याला वडापाव आणि चहा द्यायचा.

ही कल्पना दादाची, म्हणजे माझ्या सॅन होजेच्या आतेभावाची. तिकडे त्याच्या ऑफिसातले लोक कोचेला या तिकडच्या संगीत महोत्सवाचे असे मनातले दिवस रचत बसतात. त्याने ते आत्याला फोनवर सांगितलं, आणि आत्या म्हणाली, "मग सवाईचं का नाही करत?" आत्या रमणबागेच्या काळातली, महोत्सव त्या शाळेच्या मैदानावर व्हायचा तेव्हाची. सतरंजीवर शाल पांघरून, थर्मास मांडीशी धरून पहाटेपर्यंत बसलेली. तिच्यासमोर सवाई म्हणजे काय हे कुणी बोलू नये, आणि नेमका तिचाच मुलगा बोलतो.

पहिल्या वर्षी नियमच नव्हते. प्रत्येकाने थोरामोठ्यांची नावं एकाखाली एक लिहिली आणि दिंडीतल्या पताकांसारखी मिरवली. कार्यक्रम एकाचाही झाला नाही. माझ्या दिवसात बागेश्रीनंतर मालकंस आणि त्यानंतर दरबारी होता, सगळे रात्रीचेच राग. ऐकताना तिसऱ्या तासाला श्रोत्यांपैकी एक बाई उठून भांडी घासायला गेल्या. दुसऱ्या वर्षापासून राग त्याच्या ठरलेल्या वेळीच गायचा हा नियम आला आणि मग खेळाला चव आली.

या वर्षी पहिला वाद भीमसेनांचा. दोन्ही वर्षं ज्याची पहिली पाळी त्याने भीमसेन उचलले आणि तोच जिंकला. चिठ्ठीत पहिला नंबर लागला की वडापाव मिळालाच. मी सुचवलं की भीमसेन ड्राफ्टबाहेर ठेवू. 1952 साली सवाई गंधर्व गेले आणि 1953 साली गुरूंच्या स्मरणार्थ हा महोत्सव भीमसेनांनी सुरू केला. मग ते यजमान. वर्षानुवर्षं शेवटची बैठकही त्यांचीच असायची. 2011 साली ते गेल्यावर महोत्सवाच्या नावातच त्यांचं नाव आलं. सहाही दिवसांच्या शेवटी भीमसेन आयते मिळतील, राग ज्याने त्याने निवडायचा. पाच विरुद्ध एक मतांनी मंजूर. विरोधातलं मत कुणाचं ते सांगायला नको. या वर्षी पहिला नंबर माझ्या फोंड्याच्या मैत्रिणीचा होता. तिने मग शांतपणे किशोरीताई घेतल्या.

पण या नियमाला एक शेपूट होतं ते कुणाच्याच लक्षात आलं नाही. फक्त आत्याच्या आलं. दुसऱ्या फेरीत, अमीर खाँ आणि मल्लिकार्जुन मन्सूर नुकतेच गेलेले, कुमार गंधर्व तिच्या खिशात, बिस्मिल्ला खाँ अजून मोकळे, अशा वेळी आत्या म्हणाली, "अप्पा जळगावकर."

दादा स्क्रीनवर हसला. "आई, दुसऱ्या फेरीत पेटीवाला?"

"हस तू."

दोन मिनिटांनी त्याचं हसू गेलं. भीमसेन सगळ्यांकडे, म्हणजे त्यांच्यामागची पेटीही सगळ्यांना हवी, आणि कितीतरी ध्वनिमुद्रणांत ती अप्पांची. आता काय करायचं? मूळ साथ पुसून टाकता येत नाही. तबलावाल्या मित्राने सांगितलं की पुरुषोत्तम वालावलकरांची साथ असलेलं शोधा. शोधू, पण ज्याला नेमकं अप्पांचंच हवं त्याने? शेवटी 'मानधन' कलम निघालं : तुमच्या ध्वनिमुद्रणात दुसऱ्याच्या संघातला साथीदार वाजत असेल तर तुमच्या मिळकतीतलं एक तिकीट त्याला द्यायचं. आत्याला यातून बसल्या जागी चार तिकिटं मिळतील असा माझा हिशेब आहे. तिसऱ्या फेरीत तबलावाल्याने भीमसेनांना तबल्याची साथ करणारे नाना मुळे घेतले तेव्हा मात्र कुणी हसलं नाही.

त्याच तबलावाल्याने पहिल्या फेरीत झाकीरभाई घेतले होते आणि त्यांना एकल वादनालाही बसवायचं आणि साथीलाही, असा त्याचा डाव होता. एका माणसाची दोन पानं वाढायची नाहीत, असं ठरलं. त्याने एकल ठेवलं. हा वाद दहा मिनिटांत मिटला, बहुधा त्या दिवशी सगळ्यांना भूक लागली होती म्हणून.

आता दहाचा नियम. माझ्या मते आमच्या खेळातला सगळ्यात चांगला नियम हाच, आणि सगळ्यात जास्त शिव्याही यालाच. खरा महोत्सव एके काळी रात्रभर चालायचा. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियम आले आणि उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद झाला. एखाद्या दिवशी बारापर्यंत सवलत मिळते तेवढीच. दुपारी सुरू, रात्री दहाला संपलं. आमचा दिवस कुठल्या काळातला धरायचा?

"रात्रभरच हवा," आत्या म्हणाली. "कल्पनेतसुद्धा पोलीस कशाला आणता?"

दादाने डोव्हर लेन संगीत संमेलनाचं उदाहरण काढलं. कोलकात्यात जानेवारीत अजून रात्र-रात्र गाणं चालतं, कारण ते बंद सभागृहात असतं. आपणही आपला सवाई हॉलमध्ये नेऊ. यावर आत्या काही बोललीच नाही, नुसतं बघितलं. मुकुंदनगरच्या मैदानाशीच तिचं अजून पुरतं जमलेलं नाही. तिथे महोत्सव 2018 सालापासून आहे. हॉलची सूचना दादाने स्वतःच मागे घेतली.

मी दहाच्या बाजूने भांडले. रात्रभराची मुभा असली की प्रत्येक जण दरबारी, मालकंस आणि पहाटेचा ललत लावतो, कारण ऐकणारे तिथे हमखास विरघळतात. दहाला पडदा पडणार म्हटलं की दुपारकडे बघावं लागतं. तीन वाजता काय लावणार? सारंग संपत आलेला, भीमपलास, पटदीप, मुलतानी. यातलं पंधरा मिनिटं खिळवून ठेवेल असं तुमच्याकडे काय आहे? आणि डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. मारवा, श्री, पूरिया धनाश्री यांच्यासाठी दिवसात एकच बैठक मिळते. तिथे चुकीचा माणूस बसला की सगळा दिवस लंगडतो. मत पडलं : दहाचा नियम राहील, पण प्रत्येकाला एकदाच 'बाराची परवानगी' वापरता येईल आणि ती वापरली तर साथीदारांतला एक कमी.

माझी पहिली निवड म्हणूनच अमीर खाँ होती. त्यांच्या एका जुन्या एलपीवर एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी आहे. ती तबकडी माझ्या वडिलांची. कव्हरचा एक कोपरा उंदराने खाल्लेला, आणि दरबारीच्या बाजूला सुरुवातीलाच एक चरा, त्यामुळे पहिल्या षड्जाबरोबर 'टिक' असा आवाज येतो. लहानपणी मला तो बंदिशीचाच भाग वाटायचा. नियमाप्रमाणे मला यातलं एकच वापरता येतं. मारवा सहाला बसतो, चपखल. दरबारीसाठी बाराची परवानगी लागेल आणि एक साथीदार जाईल, शिवाय तोच कलावंत दोनदा म्हटल्यावर झाकीरभाईंचं कलम आडवं येतं. मी आठवडाभर तबकडी उलटीपालटी केली. मारवा ठेवलाय. पण अजून मधूनच वाटतं, बदलावं.

घराण्याच्या मर्यादेचा वाद लांबला आणि खरं सांगायचं तर त्यातून फारसं काही निघालं नाही. नियम साधा : एका घराण्याचे दोनच. कारण सवाईचं आवारच किराणा घराण्याचं. खुद्द सवाई गंधर्व अब्दुल करीम खाँचे शिष्य. मग गंगूबाई, फिरोज दस्तूर, हिराबाई, प्रभाताई. मर्यादा नसती तर सहाही दिवस किराणा मालाची दुकानं झाली असती. (हा विनोद वकीलकाकांचा. दर वर्षी होतो.) अडचण कुंपणावरच्यांची. कुमार कुठल्या घराण्याचे धरायचे? वसंतराव देशपांड्यांनी तर आपलं घराणं आपल्यापासूनच सुरू होतं असं सांगून ठेवलेलं. मन्सूरअण्णा आधी ग्वाल्हेरचं शिकले, मग जयपूर. दादाने याचा पुरेपूर फायदा घेतला : उल्हास कशाळकर तीन घराण्यांचं गातात, म्हणून त्यांना ग्वाल्हेर, जयपूर, आग्रा यांपैकी जे रिकामं असेल त्यात धरायचं! आणि ते हयात असल्यामुळे 'किमान एक हयात कलावंत' ही अटही त्याच निवडीत भागली. हुशार आहे पोरगा. माझी हयात निवड वेंकटेश कुमार, त्यांच्याबद्दल मला मुळीच खंत नाही.

आता मूळ भांडणाकडे येते. पंधरा मिनिटांच्या ध्वनिमुद्रणाची अट गेल्या वर्षीची. मैत्रिणीने चौथ्या फेरीत गायिका केसरबाई केरकर मागितल्या आणि मी नियम वाचून दाखवला. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या जुन्या तबकडीची एक बाजू तीन-सव्वातीन मिनिटांची. पंधरा मिनिटं कुठून आणणार?

ती भडकली. "अगो, ज्या बाईची भैरवी 1977 साली व्हॉयेजर यानात बसून सूर्यमालेबाहेर निघाली, ती तुमच्या मांडवात बसणार नाही?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. शिवाय या अटीने अब्दुल करीम खाँही बाहेर जात होते आणि खुद्द सवाई गंधर्वांचीही पंचाईत होती. म्हणजे ज्यांच्या नावाचा मांडव तेच बाहेर उभे. तिथेच दुरुस्ती झाली : पाच तबकड्यांची माळ म्हणजे एक बैठक. राग त्या वेळेचेच हवेत, मध्ये बोलायचं नाही. मैत्रिणीची माळ अजून पुरी झालेली नाही, चार जमल्यात. पण त्यातला प्रत्येक तुकडा इतका ठासून भरलेला आहे की पंधरा मिनिटांनी श्रोत्यांना दम लागेल, हा माझा अंदाज.

वकीलकाका हे सगळं गप्प ऐकत होते. त्यांची पाळी आली तेव्हा त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले, "गायनाचार्य भास्करबुवा बखले."

खोलीत शांतता. स्क्रीनवर दादा म्युटवर होता, तरी तोही गप्प झाल्याचं कळलं.

"अहो काका, त्यांचं ध्वनिमुद्रण नाहीये," मी म्हणाले.

"नाहीच आहे."

"मग ऐकणार काय?"

"तू खेळाचं नाव काय ठेवलंयस? काल्पनिक. ज्यांच्या तबकड्या बाजारात मिळतात त्यांची यादी करायला कल्पना कशाला लागते? या माणसाने मास्टर कृष्णराव घडवले, बालगंधर्व घडवले, 1911 साली याच शहरात भारत गायन समाज काढला. 1922 साली गेले. आवाज मागे राहिला नाही म्हणून गाणंच झालं नाही म्हणायचं?"

मी म्हणाले की मग उद्या कुणी तानसेन मागेल. मैत्रीण म्हणाली, अल्लादिया खाँसाहेबांचंही ध्वनिमुद्रण नाही, मग तेही मोकळे का? असतील तर तिला केसरबाईंच्या ऐवजी त्यांचे गुरूच हवेत. तबलावाला म्हणाला, शिष्यांचं ऐकवा. काकांनी ते उडवून लावलं : शिष्याला मांडवात बसवायचं असतं तर शिष्यच उचलला असता. मत घेतलं, तीन-तीन. माझं विरोधात. मला काकांचं म्हणणं कळतं, पण ऐकणाऱ्याच्या कानात काही पडल्याशिवाय तिकीट कशाचं, हे माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. नुसत्या कीर्तीवर मांडव भरला तर आम्ही परत पहिल्या वर्षाच्या नावांच्या यादीवर येऊन पडू.

गेल्या रविवारी काकांनी तोड काढली. भास्करबुवांच्या बैठकीला पंधरा मिनिटं नुसता तानपुरा वाजेल. श्रोत्यांनी काय ऐकायचं ते ऐकावं. चाचणी म्हणून त्यांनी फोनवर तानपुऱ्याचं ॲप लावलं आणि फोन पितळी ताटात उभा केला, आवाज घुमावा म्हणून. आत्याने डोळे मिटले. मीसुद्धा दोनेक मिनिटं काही बोलले नाही, हे मान्य करते. दादा इतका वेळ स्तब्ध होता की त्याचं नेट गेलंय असं आम्हाला वाटलं.

मग तबलावाल्याने विचारलं, "काका, पट्टी कुठली लावलीय?" पट्टी म्हणजे 'सा' किती उंचीवर धरायचा ते; पेटीच्या काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांवरून तिची नावं.

"काळी एक."

"बुवा काळी एकात गायचे?"

काकांनी ॲप बंद केलं. आत्याचं म्हणणं, पांढरी दोन असणार, नाटकवाल्यांना शिकवायचे म्हणजे आवाज चढा. मैत्रिणीने विचारलं, पुरावा? दादाने म्यूट काढून सांगितलं की त्याच्या मते हा वेगळा नियम व्हायला हवा. मसुदा माझ्याकडे दिलाय : ध्वनिमुद्रण नसलेल्या कलावंताची पट्टी, ज्याने तो उचलला त्याने लेखी पुराव्यासह सांगावी. काका सोमवारपासून ग्रंथालयात जातायत. सहाव्या फेरीची त्यांची पाळी तोपर्यंत तशीच.