तुम्ही विचारलंत म्हणून : व्हॉल्व्हचा सेट दर वेळी ट्यून का करावा लागतो?

नुकताच परवाना मिळालेले, व्हीयू३ने सुरू होणारे कॉल साइन (स्टेशनचे ओळखनाव) अभिमानाने सांगणारे तरुण हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, माझ्याकडे येतात, टेबलावरचा जुना केनवूड, म्हणजे व्हॉल्व्हवर (काचेच्या निर्वात नळ्यांवर) चालणारा बोलण्या-ऐकण्याचा रेडिओ सेट, पाहतात आणि थोड्याफार फरकाने एकच प्रश्न विचारतात : आमच्या सेटवर बँड (फ्रीक्वेन्सींचा पट्टा) बदलला की पुढच्या क्षणी बोलता येते, मग तुम्हाला बोलण्याआधी तीन-तीन नॉब का फिरवत बसावे लागते, आणि नाही फिरवले तर काय बिघडेल? थोडक्यात उत्तर असे, की जी जुळणी तुमच्या सेटमध्ये कारखान्यातच कायमची करून ठेवलेली असते, ती या सेटमध्ये चालवणाऱ्याने करायची असते. आणि ती न करता पूर्ण शक्तीने प्रसारण केले, तर अँटेनाकडे जायची ऊर्जा व्हॉल्व्हच्या प्लेटवर (आतल्या इलेक्ट्रॉन गोळा करणाऱ्या धातूच्या भागावर) उष्णता होऊन बसते. पण एवढे सांगून भागत नाही. नॉब कोणत्या क्रमाने फिरवायचे ते पाठ करणारे पुष्कळ भेटतात आणि व्हॉल्व्हही बहुधा त्यांच्याच हातून जातात, कारण मीटरचा काटा काय सांगतो आहे हे त्यांना कोणी समजावलेले नसते.

माझा सेट टीएस-५२० आहे. जपानच्या ट्रिओ कंपनीने १९७० च्या दशकात तो बाजारात आणला आणि परदेशात तो केनवूड या नावाने खपला. त्याला लोक सरसकट व्हॉल्व्हचा सेट म्हणत असले, तरी रिसीव्हर पूर्णपणे ट्रान्झिस्टरचा आहे आणि ट्रान्समीटरमध्येही शेवटच्या दोन टप्प्यांतच व्हॉल्व्ह आहेत : ड्रायव्हर म्हणून, म्हणजे अंतिम टप्प्याला जोर पुरवायला, एक १२बीवाय७ए आणि अंतिम टप्प्यात समांतर जोडलेले दोन एस२००१ए, जे ६१४६बी या अमेरिकन व्हॉल्व्हच्या तोडीचे आहेत. बँड ८० मीटरपासून १० मीटरपर्यंत मिळतात. ३०, १७ आणि १२ मीटर मात्र नाहीत, कारण हे तीन बँड हौशी मंडळींना १९७९ च्या जिनिव्हा परिषदेनंतर मिळाले आणि तोवर हा सेट बनून विकलाही गेला होता. ज्या तीन नॉबांबद्दल तुम्ही विचारता, त्यांची नावे ड्राइव्ह, प्लेट आणि लोड.

जुळणीची गरज कुठून येते ते आधी पाहू. ट्रान्झिस्टरचा अंतिम टप्पा साधारण १२ ते १४ व्होल्टवर, पुष्कळ अँपिअर ओढत काम करतो, त्यामुळे त्याचा अवरोध मुळातच काही ओमांचा असतो. फेराइटच्या गाभ्यावर गुंडाळलेला एक ट्रान्सफॉर्मर तो ५० ओमपर्यंत नेऊ शकतो, आणि हा ट्रान्सफॉर्मर ८० मीटरवर जसा चालतो तसाच १० मीटरवरही चालतो. म्हणून तुमच्या सेटला नॉब लागत नाही. व्हॉल्व्हचा कारभार नेमका उलटा. माझ्या सेटमध्ये प्लेटवर सुमारे ८०० व्होल्ट असतात आणि पूर्ण शक्तीवर प्रवाह सुमारे २०० मिलिअँपिअर. म्हणजे अंतिम व्हॉल्व्हना समोर दोन ते तीन हजार ओमांचा भार दिसावा लागतो, आणि अँटेनाची केबल तर ५० ओमांची. इतकी मोठी दरी सगळ्या बँडवर एकाच ट्रान्सफॉर्मरने भरून काढणे अवघड असल्यामुळे तिथे पाय-नेटवर्क बसवतात. ग्रीक पाय अक्षराचे दोन पाय म्हणजे दोन फिरते कंडेन्सर आणि वरची आडवी रेघ म्हणजे कॉइल. व्हॉल्व्हच्या बाजूचा कंडेन्सर प्लेटच्या नॉबला आणि अँटेनाच्या बाजूचा लोडच्या नॉबला जोडलेला असतो. बँड बदलला की कॉइलचे कमीजास्त वेढे जोडले जातात, पण नेमकी फ्रीक्वेन्सी आणि नेमकी अँटेना यांच्याशी जुळवून घेण्याचे काम या दोन कंडेन्सरांवर सोडलेले असते.

आता ते न जुळवल्यास काय होते ते आकड्यांत सांगतो, म्हणजे भीती योग्य प्रमाणात बसेल. ८०० व्होल्ट आणि २०० मिलिअँपिअर यांचा गुणाकार १६० वॉट. जुळणी बरोबर असेल तर त्यातले साधारण १०० वॉट अँटेनाकडे जातात आणि उरलेले ६० वॉट दोन प्लेटांत वाटले जातात, म्हणजे एकीवर ३० वॉट. ६१४६बीची प्लेट थांबून थांबून होणाऱ्या हौशी वापरात ३५ वॉट सोसते, असे तिच्या तांत्रिक पत्रकात दिलेले आहे. जुळणी पूर्ण चुकलेली असेल, तर १६० च्या १६० वॉट आतच राहतात आणि एकेका प्लेटच्या वाट्याला ८० वॉट येतात. प्लेट लाल व्हायला फार वेळ लागत नाही. शिवाय ती लाली तुम्हाला बाहेरून दिसतही नाही, कारण व्हॉल्व्ह जाळीच्या डब्यात बंद असतात. जे काही कळायचे ते मीटरवरूनच कळायचे.

मीटर प्लेटच्या प्रवाहावर ठेवून प्लेटचा नॉब फिरवला, की एका जागी काटा खाली येतो आणि पुढे गेल्यावर पुन्हा वर चढतो. या खाली येण्याला सगळे हॅम डिप म्हणतात. त्याचे कारण असे, की नेटवर्क त्या फ्रीक्वेन्सीला अनुनादात आले म्हणजे प्लेटवरचे आरएफ (रेडिओ फ्रीक्वेन्सीचे) व्होल्टेज मोठे झोके घेऊ लागते; ज्या क्षणी व्हॉल्व्हमधून प्रवाह वाहत असतो, नेमक्या त्याच क्षणी प्लेटवरचे व्होल्टेज झोक्याच्या तळाशी असते, त्यामुळे आत वाया जाणारी ऊर्जा कमीत कमी होते. अनुनाद सुटला की हा झोका बसतो, प्रवाह वाहताना प्लेटवर जवळजवळ पूर्ण ८०० व्होल्ट उभे राहतात आणि सगळे तिथेच तापते. तेव्हा डिप म्हणजे व्हॉल्व्हला सुसह्य अशी एकच जागा. ती हाती आल्याशिवाय बाकी काहीही करू नये.

मात्र खोल डिप म्हणजे उत्तम ट्यूनिंग, ही समजूत खरी नाही, आणि इथेच पुष्कळांचे चुकते. लोड अगदी कमी असेल तर डिप खूप खोल आणि टोकदार येतो, कारण नेटवर्कमधून ऊर्जा बाहेरच जात नसते. लोड वाढवत नेला की डिप उथळ होतो, प्रवाह वाढतो, बाहेर जाणारी शक्तीही वाढते. पण लोड बदलल्याने अनुनाद किंचित सरकतो, म्हणून दर खेपेस प्लेटचा नॉब पुन्हा डिपवर आणावा लागतो. असे आलटून पालटून करता करता एक जागा अशी येते, की तिथून लोड आणखी वाढवला तर प्रवाह वाढतो पण शक्ती वाढत नाही. तिथे थांबायचे. बोलण्यासाठी, म्हणजे एसएसबी या आवाजाच्या प्रसारणपद्धतीत, मी त्या जागेच्या किंचित पुढे, जास्त लोडच्या बाजूला राहतो. कमी लोडवर जोरात ड्राइव्ह दिले तर प्लेटचे व्होल्टेज झोक्याच्या तळाशी इतके खाली जाते, की इलेक्ट्रॉन प्लेटऐवजी स्क्रीन ग्रिडकडे, म्हणजे प्लेटच्या आधीच्या जाळीकडे, वळतात. स्क्रीन तापते, आवाजाची टोके चपटी होतात आणि तुमचा सिग्नल शेजारच्या फ्रीक्वेन्सींवर पसरतो. मीटरवर सारे छान दिसत असताना शेजाऱ्याकडून तक्रार येते, ती बहुधा यामुळे.

ड्राइव्हचा नॉब त्या मानाने गरीब आहे. तो ड्रायव्हरच्या आधीची आणि नंतरची सर्किटे ट्यून करतो, आणि या सेटमध्ये रिसीव्हरचा पुढचा टप्पाही त्याच नॉबवर आहे. याचा फायदा घ्यावा : आतला कॅलिब्रेटर, म्हणजे दर २५ किलोहर्ट्झला खुणेचा सिग्नल देणारे सर्किट, चालू करून त्याची शिट्टी ऐकावी आणि एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर) सर्वांत वर जाईल तिथे ड्राइव्ह ठेवावा. प्रसारण न करता, व्हॉल्व्हला धक्काही न लावता, तीनपैकी एक नॉब जवळपास जागेवर येतो.

मग प्रत्यक्ष कृती अशी. हीटर चालू करून व्हॉल्व्ह नीट तापेपर्यंत मिनिटभर थांबावे. अँटेनाऐवजी डमी लोड, म्हणजे शक्ती शोषून घेणारा ५० ओमांचा रोधक, जोडावा. प्लेटचा नॉब त्या बँडच्या खुणेवर आणि लोड सर्वांत कमी बाजूला ठेवावा. मोड ट्यूनवर घ्यावा, कारण त्या जागी अंतिम व्हॉल्व्हचा जोर मुद्दाम कमी ठेवलेला असतो. कॅरिअर (आवाजाविना जाणारा सलग सिग्नल) थोडासाच उघडून प्रसारण सुरू करावे आणि लगेच डिप शोधावा, मग ड्राइव्ह बारीक करून घ्यावा, आणि त्यानंतर लोड व प्लेट यांची आलटून पालटून जुळणी. पूर्ण कॅरिअर एका वेळी दहा सेकंदांहून जास्त नको. जमले नाही तर सोडावे, व्हॉल्व्हला मिनिटभर निवू द्यावे आणि पुन्हा करावे. माझ्याकडे प्रत्येक बँडसाठी तिन्ही नॉबांच्या जागा लिहिलेला कागद सेटच्या झाकणावर चिकटवलेला आहे, त्यामुळे नेहमीच्या बँडवर हे सगळे आटोपायला सध्या तरी एक वाक्य बोलण्याइतका वेळ लागतो.

डमी लोडचा आग्रह मी धरतो तो केवळ व्हॉल्व्हसाठी नाही. सकाळी ४० मीटरवर नेट, म्हणजे हॅमची ठरल्या वेळेची सामूहिक बैठक, चालू असताना मधोमध येऊन अँटेनावर लांबलचक शिट्टी मारत ट्यून करणारे महाभाग अजूनही आहेत, आणि त्यांच्यापैकी अनेकांना आपण काय करतो आहोत याची कल्पनाही नसते. आधी डमी लोडवर जुळवावे, मग मोकळी फ्रीक्वेन्सी शोधून, ती कोणी वापरत नाही ना हे विचारून, अँटेनावर दोन-तीन सेकंदांत शेवटचा हात फिरवावा. अँटेना ५० ओमांच्या जवळपास असेल तर फरक फारच थोडा पडतो. एसडब्ल्यूआर (अँटेना केबलशी किती जुळते याचे माप; एक म्हणजे पूर्ण जुळलेली) दोनच्या आसपास असला तरी पाय-नेटवर्क ते बहुधा सामावून घेते, जिथे तुमचा नवा सेट स्वतःला वाचवण्यासाठी शक्ती कमी करू लागतो. नॉब फिरवण्याच्या त्रासाची ही भरपाई म्हणा.

कुणाच्या माळ्यावरून आलेला सेट थेट ट्यून करायला घेऊ नका. सर्वांत आधी ड्रायव्हरच्या प्लेटपासून अंतिम व्हॉल्व्हच्या ग्रिडपर्यंत जाणारा कपलिंग कंडेन्सर बदला. तो जुना होऊन गळू लागला की ग्रिडवरचा ऋण बायस, म्हणजे व्हॉल्व्हचा प्रवाह आवरून धरणारे व्होल्टेज, उडतो आणि तुम्ही कोणताही नॉब फिरवला नसताना प्लेटा लाल होतात. कंडेन्सर काही रुपयांचा, व्हॉल्व्हची जोडी हजारोंची. नंतर बायस तपासा : एसएसबीवर, माइक बंद ठेवून प्रसारण सुरू केले की प्लेटचा प्रवाह ६० मिलिअँपिअर असला पाहिजे. आपल्याकडे आणखी एक बाब पाहावी लागते. २२० व्होल्टसाठी जोडलेला ट्रान्सफॉर्मर २४० व्होल्टच्या वीजपुरवठ्यावर चालवला, तर ६.३ व्होल्टचा हीटर ६.९ व्होल्टच्या जवळ जातो आणि त्याचे आयुष्य घटते. गावाकडे शेतीपंप सुरू झाल्यावर नेमके उलटे होते आणि शक्ती पडते, तेव्हा दोष ट्यूनिंगला देण्याआधी मीटर एचव्हीवर (प्लेटच्या व्होल्टेजवर) फिरवून पाहावा. झाकण उघडायचे असल्यास वायर काढून, कंडेन्सर रिकामे करून, एक हात खिशात ठेवून काम करावे. ८०० व्होल्ट दुसरी संधी देतीलच असे नाही.

व्हॉल्व्ह बदलले की न्यूट्रलायझेशन पाहणे आले. ६१४६बीमध्ये प्लेट आणि ग्रिड यांच्यात पाव पिकोफॅरडहूनही कमी धारिता असते, तरी १० मीटरवर तेवढीसुद्धा प्लेटवरची ऊर्जा ग्रिडकडे परत आणून व्हॉल्व्हला स्वतःच आंदोलन करायला लावू शकते. ती मारून टाकण्यासाठी एक लहान कंडेन्सर दिलेला असतो. तो बरोबर आहे की नाही हे ओळखण्याची सोपी रीत अशी, की प्लेटचा नॉब फिरवताना प्रवाहाचा डिप आणि शक्तीचा कळस एकाच जागी आले पाहिजेत. दोन्ही वेगवेगळ्या जागी येत असतील, तर लोडशी झटापट करण्यात अर्थ नाही.

शेवटी, हे ऐकूनही असा सेट घ्यायचाच असेल तर. त्याच काळातला याएसू या जपानी कंपनीचा एफटी-१०१ई रिसीव्हर म्हणून उत्तम आहे आणि तो स्वस्तात मिळाला तर मोह होतो. पण त्याचे अंतिम व्हॉल्व्ह ६जेएस६सी आहेत. ते मुळात टीव्हीच्या पडद्यावर आडवी रेघ ओढण्यासाठी बनवलेले, आणि व्हॉल्व्हचे टीव्ही गेल्यावर त्यांचे उत्पादनही थांबले. चांगली जोडी मिळवायला परदेशी विक्रेत्यांकडे जावे लागते, आणि ती दुसऱ्या बनावटीची निघाली तर न्यूट्रलायझेशनसाठी आतला कंडेन्सरही बदलावा लागतो. ६१४६ची गोष्ट वेगळी. आरसीएने तो प्रसारणासाठीच बनवला, लष्करी व व्यावसायिक संचांत तो अमाप वापरला गेला, आणि त्याचे साठे अजून सापडतात. याएसूच्याच पुढच्या एफटी-१०१झेडडीमध्येही ६१४६बी आहेत. म्हणून सेट पाहायला गेलात, तर डायल किती चकचकीत आहे हे नंतर पाहा. आधी शेवटच्या टप्प्यात कोणते व्हॉल्व्ह आहेत ते विचारा, आणि विकणाऱ्याला डमी लोडवर डिप दाखवायला सांगा.