तुम्ही विचारलंत म्हणून: आपल्या साडेपाचमधला अर्धा

"मॅडम, लंडनच्या ग्रिनिचच्या वेळेपासून बाकी देशांच्या घड्याळाचं अंतर पाच तास, आठ तास असं सरळ असतंय, मग आपलंच साडेपाच का? हा अर्धा कुठून आला?" मी बीडला भूगोल शिकवते त्यामुळं शाळेतली पोरं हे विचारणारच, पण आता ज्यांची लेकरं अमेरिकेला, लंडनला गेलीत त्या आमच्या गल्लीतल्या मावश्यासुद्धा विचारायल्यात. दर वेळी भाजी घेता घेता अर्धवट उत्तर द्यावं लागतं, म्हणून एकदा निवांत लिहिते.

पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे तासाला 15 अंश, म्हणजे एका अंशाला 4 मिनिटं. एवढं एक गणित पक्कं झालं की पुढचं सगळं आपोआप सुटतं. पूर्वेच्या गावाला सूर्य आधी, पश्चिमेच्या गावाला नंतर, आणि हे फक्त देशादेशांतच नाही तर आपल्या मराठवाड्यात पण रोज चालू असतं. संकष्टीला कॅलेंडर उघडून बघा, चंद्रोदयाची वेळ प्रत्येक शहराची वेगळी छापलेली असते, नांदेडला चंद्र मुंबईपेक्षा पंधरा-वीस मिनिटं आधी दिसतो. रमजानमधे सहेरी-इफ्तारचं टाइमटेबल वाटतात तेही असंच, नांदेडचं वेगळं, संभाजीनगरचं वेगळं, कारण दोन्हींच्या सूर्यात जवळपास 8 मिनिटांचा फरक आहे. उपास सोडणाऱ्याला हे पक्कं माहीत असतं, मग तो संकष्टीचा असो की रोजाचा.

पूर्वी प्रत्येक गाव आपापल्या सूर्यावर चालायचं आणि त्यानं कुणाचं काही अडत नव्हतं. अडायला लागलं ते रेल्वे आल्यावर, कारण एका रुळावर दोन गाड्या आणि प्रत्येक स्टेशनाचं घड्याळ वेगळं म्हणजे अपघातच. आपल्याकडं तर मुंबईची वेळ ग्रिनिचच्या पुढं 4 तास 51 मिनिटं, कलकत्त्याची 5 तास 53 मिनिटं, आणि रेल्वेवाले मधली मद्रासची 5 तास 21 मिनिटं धरून गाड्या चालवायचे. 1884 मधे वॉशिंग्टनला 25 देशांची परिषद भरली, तिथं ग्रिनिचचं रेखावृत्त शून्य मानायचं ठरलं. नंतर 1 जानेवारी 1906 पासून भारतासाठी एक प्रमाणवेळ आली, ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढं. मुंबईत तर आपली जुनी वेळ, म्हणजे प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागं, 1955 पर्यंत वापरात होती!

आता तो अर्धा. भारत साधारण 68 ते 97 पूर्व रेखांशात पसरलाय, म्हणजे गुजरातच्या टोकाला आणि अरुणाचलच्या टोकाला जवळपास दोन तासांचा फरक. देशाला वेळ एकच द्यायची तर मधली रेघ घ्यावी लागणार, ती 82.5 अंशाची, मिर्झापूरजवळून जाते. 82.5 गुणिले 4, 330 मिनिटं, झाले साडेपाच तास. पूर्ण आकडाच पाहिजे असा हट्ट धरून पाच केले असते तर ती रेघ 75 अंशाची, आपल्या वैजापूर-पैठणच्या मधून जाणारी, आपल्याला एकदम फिट्ट बसली असती पण दिब्रुगडला जूनमधे पहाटे पावणेचारलाच सूर्य उगवला असता. सहा केले असते तर जानेवारीत आपली पोरं साडेसातपर्यंत अंधारात, थंडीत शाळेच्या रिक्षाची वाट बघत बसली असती. त्यामुळं मला तो अर्धा अजिबात विचित्र वाटत नाही, उलट दोन्ही टोकांचा विचार करून केलेली वाटणी वाटते. आणि आपण एकटे पण नाही बरं का, इराण साडेतीन, अफगाणिस्तान साडेचार, म्यानमार साडेसहा, आणि नेपाळ तर पावणेसहा.

त्या मधल्या रेघेपासून बीड पावणेसात अंश पश्चिमेला, म्हणजे आपला सूर्य घड्याळाच्या 27 मिनिटं मागं. हे पोरांना फळ्यावर सांगून पटत नाही. फेब्रुवारीत सातवीच्या वर्गाला ग्राउंडवर नेते, एक सरळ काठी रोवायची, सावलीच्या टोकाला दर पाच मिनिटांनी खडूनं खूण करायची. बारा वाजतात, सावली अजून कमीच होत असते. साडेबारा, तरी कमीच. पोरं म्हणायला लागतात, मॅडम तुमचं घड्याळ पुढं आहे. सगळ्यात आखूड सावली 12:41 च्या आसपास मिळते आणि तिथून ती परत वाढायला लागते. 27 मिनिटं जागेची, आणि वरची 14 पृथ्वीची कक्षा लांबट आणि आस कललेली म्हणून, ती महिन्यागणिक बदलतात, नोव्हेंबरच्या सुरुवातीला हाच प्रयोग केला तर 12:11 लाच मध्यान्ह होते. अजून एक सांगते, आपले जुने ज्योतिर्गणिती शून्य रेखा उज्जैनवरून धरायचे आणि बीड जवळजवळ त्याच रेखांशावर आहे, हे सांगितलं की पोरं नकाशावर पट्टी ठेवून बघतातच.

मावश्यांसाठी कामाचं. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ एक तास पुढं करतात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी परत मागं, आपण करत नाही. मुलगा डॅलसला असेल तर हिवाळ्यात फरक साडेअकरा तास, तुम्ही रात्री नऊला फोन लावला की त्याच्याकडं सकाळचे साडेनऊ. मार्चनंतर फरक साडेदहा, तोच नऊचा फोन त्याला साडेदहाला जातो, तो कामात असतो म्हणून उचलत नाही. तेव्हा उन्हाळ्यात फोन आठलाच लावा. लंडनचं पण तसंच, हिवाळ्यात साडेपाच तास आणि उन्हाळ्यात साडेचार, फक्त त्यांचे रविवार वेगळे, मार्चचा शेवटचा आणि ऑक्टोबरचा शेवटचा.

मग देशात दोन वेळा का नकोत, हेही विचारतात. आसामच्या चहाच्या मळ्यांत आजही घड्याळ तासभर पुढं ठेवून काम चालतं, त्याला बागान टाइम म्हणतात. आपली प्रमाणवेळ सांभाळणाऱ्या दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनं 2018 मधे ईशान्य भारतासाठी साडेसहाची दुसरी वेळ सुचवली होती, ते काही झालं नाही. मला वाटतं ती द्यायला पाहिजे. तिथं हिवाळ्यात साडेचारला सूर्य मावळतो, त्या लेकरांची शाळा सुटून खेळायची वेळ होते तेव्हा दिवस संपलेला असतो, आणि आपल्याला बीडमधे त्याच दिवशी अजून तासभर तरी उजेड असतो.